पुण्याचे पावणे

मीठ मागायला आलेल्या बाईच्या हातावर बसलिंगप्पानं आठ आण्याचं नाणं ठेवलं, एवढंच घडलं होतं. कोथरूडला त्याच्या इमारतीसमोरच्या रिकाम्या प्लॉटवर बांधकाम निघालं होतं आणि पायाच्या खड्ड्याशेजारी गुलबर्ग्याकडून आलेल्या मजुरांनी पत्र्याच्या खोपी टाकल्या होत्या. डिसेंबरचे दिवस, संध्याकाळी त्यांच्या चुलींचा धूर रस्त्यावर अंथरल्यासारखा खालीच राहायचा. बसलिंगप्पा ऑफिसातून येऊन फाटकाची कडी लावत होता, तेव्हा त्यातली एक बाई रस्ता ओलांडून आली, तळहाताचा खोलगा करून पुढे धरला आणि म्हणाली, "याप्पा, जरा उप्प कोडरी." त्याला काही कळलं नाही. पुढे आलेला हात दिसला, आपला हात खिशात गेला, नाणं निघालं. बाईनं नाण्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं आणि ती हसली. रागानं नव्हे, समोरचा माणूस बहिरा निघाला की आपण हसतो तशी. नाणं त्याच्याच हातात परत ठेवून ती शेजारच्या फाटकाकडे गेली. जिना चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याच्या जिभेवर खारट चव आली आणि तिच्या मागोमाग शब्द आला. उप्प म्हणजे मीठ. तो कठड्याला धरून उभा राहिला. खाली जावं, वाटीभर मीठ द्यावं, असं त्याच्या मनात आलं, आणि मनात आलेलं तसंच राहिलं, कारण तेवढ्यात शोभानं दार उघडलं, आत चहा होता, आणि तो चहा प्यायला.

अलीकडे त्याचं सगळंच असं चाललं होतं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर हिरडी जशी आपली न राहता कुणा दुसऱ्याची होते, जीभ लावून पाहिली तरी परकी लागते, तसे त्याचे दिवस झाले होते. विमा कंपनीतली बढती मिळाली तेव्हा सगळ्यांना पेढे वाटताना त्याला पेढ्याचा खोका फार गुळगुळीत आहे एवढंच जाणवलं. वडील गेले तेव्हा चार वर्षांपूर्वी तो हुलसूरला जाऊन आला, सगळं रीतसर केलं, आणि परतताना सोलापूर स्टँडवर बस बदलताना कुठली केळी घ्यायची याचाच विचार बराच वेळ करत राहिला. दुःख व्हायचंय, होईल, असं त्याला वाटत होतं. ते कुठंतरी मागच्या बसनं येत असावं. "अहो, ऐकताय ना?" असं शोभा बोलता बोलता मधेच विचारायची आणि तो "ऐकतोय" म्हणायचा, आणि ते खरंही असायचं. ऐकू सगळं यायचं.

नाताळची सुट्टी लागली. शोभाच्या वडलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून ती मुलीला घेऊन सोलापूरला उतरली. बसलिंगप्पा तसाच पुढे निघाला. उमरग्यानंतर हवेत कोरडी थंडी आली, रस्त्याच्या दोन्ही अंगांना तूर पिवळी पडून वाळायला लागलेली. सस्तापूर बंगल्याला उतरून तो बसवकल्याणच्या गाडीत बसला आणि तिथून हुलसूरच्या. या शेवटच्या गाडीत माणसं एक वाक्य मराठीत सुरू करून कन्नडमध्ये संपवत होती, मधे उर्दूतली एखादी शिवी पेरत होती, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. बसलिंगप्पा खिडकीला डोकं टेकून बसला. सतरा वर्षं या गावात काढून त्याला कन्नड येत नव्हतं, याचं त्याला पूर्वी कधी नवल वाटलं नव्हतं. ते येऊ दिलं गेलं नव्हतं. त्याची आई चिंचोळीकडच्या एका खेड्यातली, पक्क्या कन्नड घरातली. लग्न होऊन ती इथल्या मराठी बोलणाऱ्या लिंगायत घरात आली तेव्हा तिला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. आणि वडील, जगदेवप्पा मास्तर, मराठी शाळेत शिकवणारे. छप्पन साली, बसलिंगप्पा सहा वर्षांचा असताना, निजामाच्या मुलखाचे तुकडे पाडून वाटणी झाली, उदगीर-निलंगा मराठी मुलखात गेले आणि हुलसूर म्हैसूर राज्यात आलं, त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. संध्याकाळी अंगणात उभे राहून म्हणाले, "सरकारनं काय करायचं ते करू दे. या घरात आता कन्नड बोलायचं न्हाई. कुणीबी." कुणीबी म्हणजे घरात कन्नड बोलणारं एकच माणूस होतं. अव्वा चुलीपुढे बसली होती. तिनं मान वर केली नाही. पुढे कितीतरी दिवस ती बोललीच नाही, आणि बोलायला लागली तेव्हा मराठीच बोलली. लंगडत बोलायची; तो भाकरी म्हणायची, ती पाऊस म्हणायची, आणि पोरं हसायची. तीही पोरांबरोबर हसायची.

ईरण्णा स्टँडवर न्यायला आला होता. धाकटा भाऊ, गावात किराणाचं दुकान चालवणारा, तिशीतच पाठीत वाकलेला. बॅग उचलता उचलता म्हणाला, "अण्णा, अव्वा आता मराठी बोलना झाली बघ." "म्हणजे?" "म्हणजे बोलंनाच. पाडव्यापासनं पार सोडलंय. सगळं कन्नडच. आम्ही मराठीत बोललो तर नुसती बघती तोंडाकडं. चंद्रम्मा हाय म्हणून बरं, न्हाईतर पाणी मागितलेलं बी कळलं नसतं कुणाला." चंद्रम्मा ही ईरण्णाची बायको, चिटगुप्प्याजवळच्या खेड्यातली, दोन्ही भाषा एकाच तोंडात वागवणारी. "तुला येतं की कन्नड," बसलिंगप्पा म्हणाला. "दुकानापुरतं येतंय. शेर-पायली, उद्या ये, उधारी न्हाई. आईसंगं बोलायचं म्हणलं की शब्द संपत्यात." ईरण्णा हसला. बसलिंगप्पाही हसला.

अव्वा ओट्यावर उन्हात बसली होती. विटकं लुगडं, गळ्यात इष्टलिंग ठेवायची चांदीची डबी, करडी. ती फार लहान झाली होती. कुणीतरी तिला आतून थोडं थोडं उसवत नेलं होतं. तिच्यासमोर गुरुशांतप्पा काका, वडलांचे धाकटे भाऊ, घोंगडं पांघरून बसलेले. सत्तरी ओलांडलेले. दोघं बोलत होती. बसलिंगप्पा पायरीशीच थांबला, कारण काका कन्नड बोलत होते. सराईत, मजेत, मधे मधे हातवारे करत. छप्पन साली मास्तरांच्या पाठीशी उभे राहून सगळ्यांत मोठ्यानं हो म्हणणारे हेच काका. त्याला बघून ते मराठीवर आले, "आलास व्हय? तिकडं थंडी हाय का रे?" "आहे की. काका, तुम्हाला इतकं कन्नड येतं?" "येतंय म्हंजे? जन्मापासनं येतंय. तुझ्या बापाला बी येत हुतं. बाजारात कन्नडच बोलायचा की तो." मग पुन्हा घोंगडं ओढून घेत म्हणाले, "तिकडं थंडी हाय का रे?" अव्वानं बसलिंगप्पाकडे पाहिलं. डोक्यावरचा पदर नीट केला. पाय आत घेतले. उठायला लागली, तसं चंद्रम्मानं आतून येऊन तिला खांद्याला धरून बसवलं. "यार्री इवरु?" अव्वानं तिला हळू आवाजात विचारलं. हे कोण, एवढं बसलिंगप्पालाही कळलं. त्याहून त्याला त्या वाक्याच्या शेवटचं आदरार्थी वळण कळलं. आई आपल्याला अहोजाहो करते आहे, हे त्यानं एखाद्या फाइलवरचा शेरा वाचावा तसं वाचून घेतलं.

त्या सुट्टीतले पहिले दिवस मग एकसारखे गेले. सकाळी उन्हात बसायचं, ऊन सरकलं की आपण सरकायचं. काकांनी थंडीचं विचारायचं, त्यानं सांगायचं. अव्वानं चंद्रम्माकडून त्याला भाकरी वाढून घ्यायची आणि तो जेवत असताना दाराआडून, पावण्याला काही कमी पडत नाही ना, हे बघायचं. त्याला वाईट वाटायला हवं होतं. आपल्याला कुठं वाईट वाटतंय का, हे तो अधूनमधून चाचपून पाहायचा. एकदा अव्वा अंगणात मांजराच्या पिलाला "मगा, मगा" म्हणून बोलवत होती. ते ऐकून तो दाढी करता करता थांबला. लहानपणी अव्वा बोलायला लागली की आधी "मगा" म्हणायची. मगा, दूध पी. मगा, पाय धू. भावंडांना वाटायचं की तिच्या मोडक्या मराठीत प्रत्येक वाक्य "मग"नं सुरू होतं, आणि ती तिची नक्कल करायची: मग काय, मग काय. आरशात अर्ध्या गालावर साबण असताना त्यानं आत चुलीपाशी जाऊन चंद्रम्माला विचारलं, "मगा म्हणजे काय गं?" "मग म्हंजे लेक. पोरगा. मगा म्हणत्यात लाडानं." तो परत आरशाकडे आला आणि त्यानं उरलेली दाढी केली.

येळवस त्या साली सुट्टीतच आली. मार्गशीर्षातली अमावस्या, त्या दिवशी या भागात गाव ओस पडतं आणि सगळी माणसं रानात जेवायला जातात. बैलगाडीत आंबिलीचं मडकं, मिसळीच्या भाजीचं, म्हणजे भज्जीचं पातेलं, बाजरीच्या उंड्यांची टोपली. अव्वाला गाडीत मधोमध गोधडीवर बसवलं होतं आणि बसलिंगप्पा मागं पाय सोडून बसला होता. कडब्याच्या पेंढ्यांची कोप केलेली, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडलेले. ईरण्णानं पूजा केली, ज्वारीच्या ताटांवर आंबील शिंपडत तो रानाभोवती फिरला, आणि फिरताना जे ओरडायचं ते ओरडला. ते शब्द बसलिंगप्पाही लहानपणी घसा फुटेस्तोवर ओरडला होता. ते कन्नडच असावेत, असं त्याला आज पहिल्यांदा वाटलं. जेवणं झाल्यावर काका कोपीत कलंडले. ईरण्णा बांधावर त्याच्याशेजारी येऊन बसला, ढेकळं फोडत राहिला आणि एकदम म्हणाला, "अण्णा, मी आता हुमनाबादला जायलोय. मेव्हण्यासंगं भागीत दुकान टाकायचं ठरलंय. पोरांच्या शाळा बी हायत तिथं." "चांगलं आहे." "काका म्हणत्यात मी इथंच मरतो. त्यांचं बघतील शेजारचे. अव्वाचं तसं न्हाई. तिथं दोन खोल्या, माडीवर. खाली मोठी सडक. इथं असताना दोन बार स्टँडवर निघून गेलती. तिथं गेली तर सापडायची न्हाई." ढेकळाचा चुरा त्यानं झाडून टाकला. "तू घेऊन जा तिला. आजवर मीच बघितलं की. आता तू बघ." बसलिंगप्पा म्हणाला, "नेतो." शब्द तोंडातून निघाला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे तिसऱ्या मजल्यावरचं आपलं घर आलं, शोभा शाळेत शिकवायला, मुलगी शाळेत शिकायला, आपण ऑफिसात, आणि बंद दारामागे, जिचं बोलणं इमारतीत कुणाला कळत नाही, अशी एक बाई. ते चित्र स्पष्ट होतं आणि त्याचा त्या शब्दाशी काही संबंध लागत नव्हता. "नेतो की," तो पुन्हा म्हणाला.

ईरण्णाचा चेहरा सुटला. तो उठून कोपीकडे गेला, चंद्रम्माला मराठीत आणि मग अव्वाला त्याच्या तुटक्या दुकानी कन्नडमध्ये सांगायला लागला. बसलिंगप्पाही त्याच्या मागे गेला. "अव्वा, हे बघ, दोड्डाव," ईरण्णा बोट दाखवत म्हणाला. दोड्डाव म्हणजे थोरला. "तुझा थोरला. पुण्याला न्हेतो म्हणायलाय तुला." अव्वानं आधी बोटाकडे पाहिलं, मग बसलिंगप्पाकडे. बघता बघता तिच्या डोळ्यांत एक संकोच आला, पावण्यासमोर घरातलं काही उघडं पडलं की येतो तसा. चंद्रम्माकडे तोंड करून ती हळूच म्हणाली, "दोड्डाव सत्तान." पातेली आवरणारे चंद्रम्माचे हात थांबले. "काय म्हणायली?" ईरण्णानं विचारलं, त्याचं लक्ष तेवढ्यात बैलांकडे गेलं होतं. चंद्रम्मा बसलिंगप्पाकडे बघून म्हणाली, "इच्यारायल्यात, दोड्डाव जेवला का म्हणून." बसलिंगप्पा म्हणाला, "हो, जेवलो म्हणावं. पोटभर." सत्त हा शब्द त्याला येत होता. कपिला गाय मेली तेव्हा गोठ्याच्या दारात उभी राहून अव्वा हाच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि तेव्हा घरात कन्नडला बंदी नव्हती. थोरला मेला आहे. त्यानं हे वाक्य गाडीत बसून गावापर्यंत नेलं. रस्ता खडबडीत होता, गाडी हलत होती, पाठीमागे अव्वा झोपली होती आणि तिचं डोकं गाडीच्या प्रत्येक धक्क्याबरोबर त्याच्या पाठीला लागत होतं. आपण मेलो आहोत असं कुणी सांगितल्यावर माणसाला काय वाटतं? त्याला वाटलं, बरोबर आहे. मग वाटलं, हे असं वाटणं काही बरोबर नाही. मग ज्वारीवर बसलेला राव्यांचा थवा उठला आणि तो त्याच्याकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रम्मा नदीवर धुणं घेऊन गेली, ईरण्णा दुकानात. काका घोंगड्यात डुलक्या घेत होते. अव्वा ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. बसलिंगप्पा तिच्यापासून अंतर ठेवून बसला आणि त्यानंही शेंगा ओढून घेतल्या. तिनं "ब्याड्री, ब्याड्री" केलं, पावण्यानं कशाला, अशा अर्थानं. मग हसून आपल्या पुढ्यातल्या अर्ध्या शेंगा त्याच्याकडे सारल्या. थोड्या वेळानं ती बोलायला लागली. तो "हौद री" म्हणत राहिला. हो म्हणायला येत होतं तेवढं. गंमत अशी की त्याला तिच्याशेजारी बसून इतकं मोकळं कधीच वाटलं नव्हतं. मुलगा म्हणून यायचा तेव्हा दोघांना काय बोलायचं ते सुचायचं नाही. ती तिच्या लंगड्या मराठीत "जेवला? झोपला?" विचारायची, तो हो म्हणायचा, घड्याळ बघायचा. आता ती भरभरून बोलत होती. तिच्या आवाजाला एक खोली होती, चढ-उतार होते, थट्टा होती. कुणाची तरी नक्कल केली, तेव्हा ती स्वतःच खुदकन हसली. मराठीतली अव्वा ही एक गरीब, थोडीशी मंद बाई होती. ही बाई मंद नव्हती. तीस वर्षं हिला घरात कुणी पाहिलं नव्हतं. हिला कुठं ठेवलं होतं? बोलता बोलता तिच्या तोंडात "दोड्डाव" आला आणि बसलिंगप्पाचे हात थांबले. त्यानं शब्द गोळा केले. लहानपणी जे काही कानावर पडलं होतं त्याच्या तळाशी हात घालून तो शोधत राहिला, आणि शेवटी विचारलं, "यावाग सत्त?" कधी मेला?

अव्वानं शेंग खाली ठेवली. पावण्यानं विचारलंय तर नीट सांगायला हवं, असं तिचं बसणं झालं. ती सावकाश सांगायला लागली, आणि शब्द निसटले तरी तिचे हात सांगत होते. बस. बसवर टरंक चढवली. सासऱ्यांच्या वेळेपासून या घरच्या बायका बाजारात, स्टँडवर जात नसत. म्हणून ती पिठाच्या गिरणीमागं उभी राहिली. तिनं भिंतीआडून डोकं काढून दाखवलं. पोरगा खाली उभा राहून वर टपावरच्या टरंकेकडे बघत होता. बघतच होता. मग चढला. "तिरुगि नोडलिल्ल," ती म्हणाली, आणि आपली मान वळवून, नाही नाही अशी हलवली. वळून पाहिलं नाही. मग बस गेली. हाताचा पालथा पंजा तिनं दूर सरकवत नेला. आणि एवढं सांगून झाल्यावर, म्हणजे मेला, तेव्हाच, अशा अर्थानं तिनं दोन्ही तळवे उघडे करून दाखवले. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. जुनी गोष्ट होती. रडून झालं होतं. तिनं पुन्हा शेंग उचलली. बसलिंगप्पाला ती सकाळ आठवत होती, सदुसष्टच्या जूनमधली, पुण्याच्या कॉलेजात निघाला होता तेव्हाची. टरंकेला कुलूप नव्हतं, सुतळी बांधली होती, ती सुटेल म्हणून तो वर बघत होता. आई स्टँडवर आली होती हे त्याला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. ती त्या वेळी गिरणीमागं होती आणि त्यानंतर तो दर सुट्टीला येत राहिला, कधी दिवाळीला, कधी नाताळात, मनीऑर्डरी पाठवत राहिला, आणि ही सगळा वेळ त्याला दुसराच कुणीतरी समजून वाढत राहिली की काय? का हे आता गेल्या पाडव्यापासूनचं? हे तिला विचारायला त्याच्याजवळ शब्द नव्हते. कन्नडमध्ये नव्हते, आणि तसे मराठीतही नव्हते. काका जागे होऊन म्हणाले, "तिकडं थंडी हाय का रे?" "आहे," बसलिंगप्पा म्हणाला.

नदीवरून आल्यावर चंद्रम्मा दोरीवर लुगडी वाळत घालत होती. तो एका टोकाला जाऊन उभा राहिला. तिनं त्याच्याकडे न बघता म्हटलं, "भावजी, रानात मी बोलले ते तुमाला कळलं व्हतं न्हवं? खोटं व्हतं ते." "कळलं होतं." "मग तवा कामून बोल्ला न्हाईत?" त्यानं ओल्या लुगड्याचा काठ हातात धरला, पीळ काढला. "तू तरी का खोटं बोललीस?" "तसलं तोंडावर कसं सांगावं माणसाला." तिनं काठ त्याच्या हातातून ओढून घेतला. "ह्यांचं आईकू नका भावजी. न्हेऊ नका त्यास्नी. तिथं कोण बोलंल त्यांच्यासंगं? भिंतीसंगं बोलतील. माडीवर ऱ्हायचं तर ऱ्हाऊ माडीवर, मी दाराला कडी लावून घेईन, पर माझ्यासंगं असू द्या. मला बी..." ती थांबली. "मला बी कुणीतरी लागतंय की बोलायला. ह्या घरात माझं कन्नड कुणाला कळतंय? ह्यांना? अत्तीसंगंच, ह्या सासूसंगंच बोलते मी सगळं." हे तिनं ओरडून सांगितलं नाही, पण तिच्या मानेवर शीर उभी राहिली होती.

दुपारी जेवताना बसलिंगप्पा ईरण्णाला म्हणाला, "अव्वाला मी नेत नाही." ईरण्णाचा घास हातातच राहिला. "कालच तर न्हेतो म्हणलास की." "म्हणालो होतो." "मग आता काय झालं? वैनी न्हाई म्हणतील म्हणून?" "शोभाचा काही संबंध नाही. मला जमणार नाही." "जमणार न्हाई," ईरण्णा म्हणाला, शब्द चावून बघितल्यासारखा. "बरं हाय तुझं अण्णा. हात धुवून मोकळा. आजवर आलास, पावण्यासारखं जेवलास आणि गेलास. जा." चंद्रम्मा भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेव्हा बसलिंगप्पानं तिच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. अव्वा आपल्याला मेलेला समजते, हे ईरण्णाला कशाला कळायला हवं? त्यापेक्षा भाऊ हात झटकून गेला, हे त्याला सोपं जाईल. पण हे असं आहे की खरोखरच आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय, हे मात्र बसलिंगप्पाला ठरवता येईना. तिसऱ्या मजल्यावरचं ते बंद दार डोळ्यांपुढून गेलं होतं आणि जेवण त्याला रुचकर लागत होतं. आईसाठी सोडलं की आईला सोडलं? त्यानं आणखी अर्धी भाकरी मागून घेतली. ईरण्णा ताटावरून उठून गेला.

पुढे जूनमध्ये ईरण्णानं दुकान हलवलं तेव्हा चंद्रम्मा सासूला घेऊनच गेली. त्या माडीवर अव्वा दोन हिवाळे राहिली, खिडकीत बसून खालच्या सडकेवरच्या माणसांबद्दल सुनेला काहीबाही सांगत, आणि शेवटी अंथरुणात, चंद्रम्माशी बोलता बोलता गेली. ईरण्णा पुढची कितीतरी वर्षं थोरल्या भावाशी कामापुरतंच बोलला. चंद्रम्मानं त्याला खरं सांगितलं की नाही, ते बसलिंगप्पाला कळलं नाही आणि त्यानं विचारलंही नाही.

निघायच्या दिवशी सकाळी धुकं होतं. ईरण्णा दुकान उघडायला आधीच निघून गेला होता. काकांच्या पाया पडून, थंडी आहे असं सांगून, बसलिंगप्पा बॅग घेऊन ओट्यावर आला. चंद्रम्मानं भाकरीचं गाठोडं दिलं. अव्वा आतून आली. जाणाऱ्या पावण्याला विभूती लावायची म्हणून तिच्या हातात विभूतीची गोळी होती. ती तिनं तळहातावर चुरली, तीन बोटं बुडवली. तो वाकला. तिनं डाव्या हातानं त्याची हनुवटी धरली, धरली म्हणजे घट्ट आवळून धरली, तोंड हलवणाऱ्या पोराचं धरतात तशी, आणि उजव्या हाताच्या तीन बोटांनी कपाळावर या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत पट्टे ओढले. थोडी विभूती पापण्यांवर सांडली. त्यानं डोळे मिटले. तिनं त्याचं तोंड उजेडाकडे वळवून घेतलं, जवळ आली, आणि एका डोळ्यावर आणि मग दुसऱ्या डोळ्यावर फुंकर मारली. पदराच्या टोकानं नाकाचा शेंडा पुसला. मग तिचा हात हनुवटीवरच अडखळला, आपण काय करतो आहोत असं झाल्यासारखा, आणि सुटला. पावलं मागे सरकल्याचा आवाज त्याला ऐकू आला, डोक्यावर पदर ओढल्याची सळसळ झाली. "होगि बर्री," ती अदबीनं म्हणाली.

"म्हणायल्यात, जाऊन या," चंद्रम्मा म्हणाली.

त्याला कळलं होतं. स्टँडवरून गाडीच्या हॉर्नचा आवाज आला, दुसऱ्यांदा आला, आणि चंद्रम्मा "भावजी, गाडी" म्हणाली, तरी बसलिंगप्पा तोंड तसंच वर धरून ओट्याच्या पायरीवर उभा होता. डोळे उघडायला त्याला जरा वेळ लागला.